कोनीय संवेग आणि स्पिन यांची बेरीज: वरच्या पायरीपासून सुरुवात करा

पी-कक्षेतला इलेक्ट्रॉन घ्या: कक्षीय कोनीय संवेग एल = १, स्पिन एस = १/२. एकूण अवस्था ३ × २ = ६. एकूण कोनीय संवेग जे = ३/२ च्या ४ आणि जे = १/२ च्या २, म्हणजे हिशोब जुळला. ही मोजणी आधीच करावी, पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

या बेरजेतल्या सहगुणकांचा (क्लेब्श-गॉर्डन) तक्ता उघडण्याआधी एकदा हाताने करून बघाच. सर्वात वरची अवस्था एकच: एम-एल (एल चा झेड-दिशेतला घटक) = १, स्पिन वर (↑). तिच्यावर उतरता कारक (झेड-घटक एम एका पायरीने कमी करणारा) लावा. डावीकडे √३ येतो. उजवीकडे कक्षीय भागातून √२, स्पिनमधून १. म्हणून (डावीकडे |जे, एम⟩, उजवीकडे |एम-एल, स्पिन⟩)

|३/२, १/२⟩ = √(२/३) |०, ↑⟩ + √(१/३) |१, ↓⟩

चुकतं ते बहुतेक इथेच: √२ विसरला की दोन्ही सहगुणक सारखे येतात. जे = १/२ ची अवस्था हिला लंब:

|१/२, १/२⟩ = √(२/३) |१, ↓⟩ − √(१/३) |०, ↑⟩

चिन्ह संकेताने ठरतं. एल आणि एस यांचा क्रम बदललात तर इथे ते उलटतं, त्यामुळे दोन पुस्तकांतले तक्ते मिसळू नका.

स्पिन-कक्षा जोडणीसाठी (स्पिन आणि कक्षीय गती यांचा परस्परपरिणाम) एल·एस ची मूल्यं एच-बार (२π ने भागलेला प्लांकचा स्थिरांक) वर्गाच्या एककात जे = ३/२ ला १/२ आणि जे = १/२ ला −१. पडताळा सुंदर आहे, सहाही अवस्थांची बेरीज शून्य यायला हवी: ४ × १/२ + २ × (−१) = ०.