माडीचा सज्जा, पाचवा आठवडा: अखेर लाकूड दिसलं

मंडळी, मागच्या वेळी फळ्या काळ्या ठिक्कर पडल्याचं लिहिलं होतं. त्या आता बऱ्याच सुधारल्यात, पण मध्ये बरंच पाणी वाहून गेलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: बेळगावजवळच्या खानापुरातलं आमचं जुनं घर, माडीवर रस्त्याच्या बाजूला १४ फूट बाय ४ फुटांचा सागवानी सज्जा, ८ फळ्या. वर हिरवा ऑइलपेंट, त्याखाली तपकिरी, त्याखाली आजोबांच्या काळचा गेरूसारखा लाल. खानापूरचा पाऊस आणि तो रंग, दोघांनी मिळून फळ्यांचं वाटोळं केलं होतं. रंगाचा पापुद्रा फुटला की पाणी आत शिरायचं आणि रंगच त्याला वाळू द्यायचा नाही.

खरवडताना एक काळजी घेतली. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असलं पाहिजे हा नियम नोव्हेंबर २०१७ पासूनचा. आमचे तिन्ही थर त्याच्या कितीतरी आधीचे. शिशाची विषारी धूळ-वाफ नाकात जायला नको, म्हणून कोरडं घासणं नाही, हीटगन नाही. रिमूव्हर, पट्टी, तोंडाला मास्क, आणि निघालेला चिखल सगळा पिशवीत. आईने खालच्या तुळशीवर आधीच जुनी चादर घातली होती.

आता चूक. रिमूव्हर महाग म्हणून शेवटच्या तीन फळ्यांना कॉस्टिक सोडा लावला. रंग सुटला झटपट, पण सागातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) सोड्याने काळवंडलं. खिळ्यांभोवतीचे शाईसारखे डाग तर होतेच. लोखंड आणि टॅनिन एकत्र आलं की ते होतातच. दोन्हींवर उपाय एकच निघाला: ऑक्झॅलिक ॲसिड. बेळगावात रविवार पेठेतून आणलं. लिटरभर कोमट पाण्यात साधारण ८० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत, हातात रबरी मोजे. विषारी आहे, पोरांपासून लांब ठेवा. ब्रशने लावून वीस मिनिटं थांबलो आणि काळं उतरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग तीनदा धुतलं. ॲसिड लाकडात राहिलं तर पुढचा हात नीट बसत नाही.

खिळे सगळे काढले, जागी एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) स्क्रू. आधी भोक पाडून घ्या, साग कडेला चटकन फाटतो.

मग वाळवण. इथेच माझा धीर सुटतो. चार दिवस ऊन दिलं, पण सकाळी मलप्रभा नदीवरून धुकं येतं आणि फळ्या पुन्हा दमट. सुतारमामा रोज येता-जाता फळीला हाताचा पंजा लावायचे आणि म्हणायचे, "इन्नू ओणगिल्ल." म्हणजे कानडीत, अजून वाळलं नाही. सातव्या दिवशी काहीच न बोलता खाली गेले, तेव्हा मी पॉलिश पेपर काढला.

६० नंबरने सुरुवात, मग ८०, शेवट १००. दोन फळ्या हौसेने २२० पर्यंत नेल्या, काचेसारख्या झाल्या, आणि तेल वरच्या वर तरंगलं. पुन्हा ८० मारावा लागला. बाहेरच्या लाकडाला असली गुळगुळीत चकाकी नकोच, तेल मुरायला जागा हवी. तेल लावायच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसलं, कारण सागाचं स्वतःचं तेल नव्याला नीट मुरू देत नाही.

तेल: बाहेरच्या कामासाठी मिळणारं, बुरशीनाशक असलेलं, सागवानी छटेचं. नुसतं जवसाचं तेल नको, आमच्या पावसात त्यावर काळी बुरशी धरते. पहिल्या हाताला पाऊण लिटर लागलं. अर्ध्या तासाने वरचं जास्तीचं पुसून घेतलं. ते तेलाचे बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. मी पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवले.

वळवाचे ढग परवापासून दिसतायत. आज फळ्यांवर पाण्याचे थेंब टाकून पाहिले. भिंतीकडच्या पाच फळ्यांवर मोत्यासारखे उभे राहिले, कठड्याकडच्या तीनमध्ये मुरले. रविवारी पाऊस नसेल तर तिथे दुसरा हात. तोवर वर ताडपत्री आहे, पण फळ्यांना चिकटून नाही, काठ्यांवर उचलून बांधलीय, म्हणजे वारा खेळेल.