वीरच्या पुढे घड्याळ पाहू नका

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन कोकण रेल्वेने सिंधुदुर्गात जाऊन आले. जाताना तब्बल पावणेतीन तास उशीर. निघण्याआधी कुणी नीट सांगितलं असतं तर तयारीने गेले असते, म्हणून जाणाऱ्यांसाठी लिहितेय.

दिवसाची, सगळीकडे थांबणारी गाडी होती. रोहा ते वीर या रायगडातल्या दोन स्टेशनांमध्ये सुसाट गेलो. हा ४६.८ किलोमीटरचा पट्टा ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झालाय. वीर सुटलं की एकच रूळ, आणि मग क्रॉसिंग, म्हणजे दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठी थांबणं. एका लहान स्टेशनात आम्हाला बाजूच्या लाइनीवर काढलं. आधी मालगाडी गेली, मग मुंबईकडे जाणारी एक्सप्रेस, मग मागून आलेली सुपरफास्टही आमच्या पुढे काढली. पंचावन्न मिनिटं! पंखे बंद, पावसामुळे खिडक्या लावलेल्या, दारात ओल्या छत्र्यांचा ढीग. समोरचे काका आईला म्हणाले, "आता वरची येतली, मगेच आमची सुटतली." ती आली, गेली, तरी आम्ही तिथेच. पुढे आणखी दोनदा हेच. पावसाळी वेळापत्रक मुळातच संथ असतं आणि जोराच्या पावसात वेग ताशी ४० वर आणतात. ते दरडींमुळे, जिवासाठी. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार एका रुळाबद्दल आहे. २०२२ मध्ये सगळ्या ७४१ किलोमीटरचं विद्युतीकरण झालं, चांगलंच झालं. पण वर तारा आल्या म्हणून खालचा रूळ दुसरा होत नाही. कोकण रेल्वे १९९० पासून वेगळं महामंडळ आहे: सुरुवातीच्या वाटणीत केंद्राचा हिस्सा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. रेल्वेच्या इतर विभागांना अर्थसंकल्पातून थेट पैसा मिळतो तसा इथे येत नाही. दुहेरीकरण म्हणजे कर्ज काढणं, आणि उक्षी-भोके दरम्यानच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्याशेजारी दुसरा बोगदा कर्जावर कोण खणणार? तिकिटाला मात्र अंतर ४० टक्के वाढवून धरतात. म्हणजे जास्त पैसे भरणारे आपण आणि बाजूच्या लाइनीवर थांबणारेही आपण. भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला महाराष्ट्राने मे २०२५ मध्ये होकार दिला आहे. ते होऊन केंद्राचा पैसा सरळ वीरच्या पुढच्या रुळावर पडायला हवा, दुसरीकडे कुठेही नाही.

हे इतकं तोडून बोलतेय कारण आम्ही उतरलो ते स्टेशन. नाव लिहीत नाही. फोटोत पाहिलं होतं, बाहेरून विमानतळासारखं, नवी कमान, दिवे. आमचा डबा थांबला तो छपराच्या कितीतरी पुढे, भर पावसात. फलाट इतका खाली की डब्याची शेवटची पायरी आईच्या गुडघ्याच्या वर येत होती. दोघा मुलांनी तिला अक्षरशः उचलून खाली घेतलं. माझ्या मते आधी छप्पर आणि फलाटाची उंची, कमान मागाहून.

वयस्कर माणूस सोबत असेल तर मधला डबा घ्या, छपराखाली येण्याची शक्यता जास्त. जेवणाचा डबा आणि पाणी घरून न्या, क्रॉसिंगच्या स्टेशनांत वडासुद्धा मिळत नाही. रात्रीच्या शेवटच्या एसटीच्या भरवशावर अजिबात निघू नका, आमची चुकली. मग रिक्षावाल्याने अकरा किलोमीटरचे सहाशे सांगितले आणि घासाघीस करून साडेचारशे घेतले. गावातल्या ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा आणि गाडी एक स्टेशन अलीकडे असताना फोन करा, वेळापत्रक बघून करू नका.

गणपतीत जाणार असाल तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी आठच्या आधी फोन हातात घेऊन बसा.