तुम्ही विचारलंत म्हणून: ती धुणंवाली बाई

ऑर्वेलच्या ‘१९८४’ कादंबरीतली धुणं वाळत घालणारी बाई म्हणजे आशेचं प्रतीक, असं तुम्हीच लिहिलं होतंत ना, मग आता विचारलं की नुसतं हो का म्हणत नाही? किती जणांनी विचारलं असेल हे. एकदाच सांगते.

हो, लिहिलं होतं. आणि उगाच नव्हतं लिहिलं. आशा असलीच तर ती प्रोल्समध्ये, म्हणजे सत्ताधारी पक्षाबाहेरच्या कष्टकऱ्यांमध्ये, असं कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ डायरीत लिहितो, ८५ टक्के लोक आहेत ते, आणि मग खिडकीखाली ती लाल दंडांची धिप्पाड बाई, मशीनने रचलेलं टुकार गाणं म्हणतेय आणि तिच्या तोंडून तेच गोड वाटतंय. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता, तो खोटा नव्हता.

लेख छापून आला तेव्हा मी तो आईला वाचून दाखवला. आईने जन्मभर लोकांची धुणी धुतली, लेख मी तिलाच अर्पण केला होता. हात मांडीवर ठेवून ऐकत होती, बोटांच्या पेरांवर सोड्याने पडलेल्या भेगा तशाच. मध्येच म्हणाली, "कपडे कोणाचे गं?"

म्हटलं, बाळाची दुपटी आहेत.

"अगं पण कोणाच्या बाळाची?"

मी पुस्तक काढलं. विन्स्टनलाही माहीत नाही. पोटासाठी लोकांचं धुते की वीस-तीस नातवंडांचं, असं नुसतं त्याच्या मनात येऊन जातं.

"मग विचारलं नाही त्याने तिला?"

नाही विचारलं. वरून बघतो, सुंदर म्हणतो, पण खाली उतरून एक शब्द बोलत नाही. आई उठून आत गेली आणि मी मागून ओरडले, "आई, ते प्रतीक असतं!" हे मी तिला म्हणाले. तिला.

तुम्ही म्हणाल, हे विन्स्टनचं आंधळेपण, लेखकाने मुद्दाम दाखवलंय. असेलही, मीही बरीच वर्षं स्वतःला हेच सांगितलं. बॉम्ब पडल्यावर रस्त्यात मनगटापासून तुटलेला हात दिसतो तर हाच माणूस तो लाथेने गटारात ढकलून पुढे जातो, आणि कोठडीत एक दारू प्यायलेली प्रोल बाई मात्र त्याच्या खांद्यावर हात टाकून आधी नाव विचारते, तिचंही आडनाव स्मिथच निघतं, मी तुझी आईसुद्धा असेन म्हणते. म्हणजे लेखकाला कळत होतं. पण मला कुठे कळलं होतं? तो हात मी वाचला होता आणि लेखातून गाळला होता, मुद्द्यात बसत नव्हता म्हणून.

आणि तरी ते गाणं आठवलं की मला आजही वाटतं, आशा आहेच तिथे. मग मी लेख चुकीचा कसा म्हणू? बरोबर तरी कसा म्हणू?

त्या रात्री जेवताना आईने एवढंच विचारलं, "तिचं पुढे काय झालं?" मी शोधून वाचून दाखवलं. विन्स्टनला पकडायला येतात तेव्हा गाणं मध्येच तुटतं, धुण्याचा टब अंगणात भिरकावल्यासारखा खणखणाट होतो, आरडाओरडा, मग वेदनेची एक किंकाळी. कोणाची ते लिहिलेलं नाही. पुढची पानं विन्स्टनची आहेत.

माझ्या लेखात ती किंकाळी नव्हती.