एकाहत्तर टक्के

झेरॉक्सच्या दुकानात ए३चा नकाशा ए४वर उतरवायचा असला की गिऱ्हाईक हटकून सांगतं, "पन्नास टक्के करा." हिशेब बिनतोड वाटतो. ए३ मधोमध दुमडला की ए४ होतो, म्हणजे निम्मा. प्रत हातात येते तेव्हा नकाशा ए४च्या अर्ध्या जागेत आक्रसलेला आणि बाकी कागद कोरा. मशीन बरोबरच असतं. त्यावरचे टक्के लांबीचे असतात, क्षेत्रफळाचे नव्हे. लांबी-रुंदी दोन्ही निम्म्या केल्या की क्षेत्रफळ पाव होतं. ते निम्मं हवं तर लांबीला २च्या वर्गमुळाने भागायचं: ०.७०७१…, म्हणजे ७१ टक्के. उलट ए४चा ए३ करायला १४१.

रोजच्या विचारातला अतार्किकपणा बहुधा असाच असतो. त्यात वेडेपणा कमी. एका गोष्टीचा खरा नियम भलत्याच गोष्टीला लावलेला असतो, आणि उत्तर सुबक आल्यामुळे शंका येत नाही. अपरिमेय संख्येचं, म्हणजे पूर्णांकांच्या भागाकारात न मावणाऱ्या २च्या वर्गमुळासारख्या संख्येचं, अगदी उलट. दिसायला बेंगरूळ, वागायला काटेकोर. २चं वर्गमूळ 'अ भागिले ब' असं पूर्णांकांत लिहिता येतं असं धरा. मग अ² = २ब². कुठल्याही वर्गाचे मूळ अवयव पाडले तर त्यात २ सम वेळा येतो. इथे डावीकडे सम वेळा, उजवीकडे एक जास्त, म्हणजे विषम. धरलेलं तिथेच कोसळतं.

ए मापाच्या कागदाची लांबी रुंदीच्या बरोबर इतकीच, २च्या वर्गमुळाएवढी पट, हवी; तरच दुमडल्यावर आकार तोच राहतो. कागद मात्र मिलिमीटरमध्ये कापावा लागतो, तेव्हा तडजोड आलीच. ए४ असतो २१० × २९७. गुणोत्तर ९९/७०, त्याचा वर्ग २.०००२. ए५ची रुंदी १४८.५ यायला हवी, ती सरळ १४८ धरतात. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या बौधायनाच्या प्राचीन शुल्बसूत्रातली तडजोड याहून कितीतरी बारीक. चौरसाचा कर्ण बाजूच्या २च्या वर्गमुळाएवढी पट असतो; तो काढायला बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. येते बाजूच्या ५७७/४०८ पट. मीटरभर बाजूच्या चौरसाच्या कर्णात चूक सुमारे दोन हजारांश मिलिमीटर! विटांच्या वेदीला एवढं कशाला लागावं?

लीगल कागदाला यातलं काहीच लागू नाही. तो साडेआठ × चौदा इंच. दुमडला की गुणोत्तर १.६५वरून १.२१वर येतं, आकारच बदलतो. तो ए४वर घ्यायचा तर ८३ टक्के करा. डावी-उजवीकडे दीड-दीड सेंटिमीटर कोरी पट्टी राहील. ती घालवायला टक्के वाढवले तर खालची सही कापली जाते.