कार्ड त्याच्या खिशात

शनिवार, रात्री

पलीकडच्या अक्का दुपारी माल घेऊन आमच्याकडे आल्या. उजव्या हाताचा अंगठा सुजून टम्म झालेला. कात्री धरता येईना, म्हणून आई तेंदूची पानं कापून देत होती. विडीचं तोंड दुमडताना सगळा जोर अंगठ्यावर येतो. दर विडीला त्या ओठ आवळत होत्या. "पडले गं," म्हणाल्या. आई गप्प राहिली. मला राहवलं नाही, खरं काय ते विचारलंच.

मजुरी खात्यावर जमा झाली होती. मुलीच्या फीसाठी त्यांनी त्यातले पैसे मागितले. स्वतःचेच. एटीएम कार्ड मात्र नवऱ्याच्या खिशात. अंगठा पिरगळायला एवढं कारण पुरलं.

बाई कमावती झाली की तिच्यावर हात उठत नाही, असं भाषणांत सर्रास सांगतात. त्यांनी आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात येऊन राहावं. इथे घराघरांत बायका विड्या वळतात, हजार विड्यांमागे मजुरी मिळते आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी बुडते. स्वयंपाक, पाणी, पोरं सांभाळून हे सगळं. घर त्यांच्याच कमाईवर चालतं. तरी मार चुकत नाही, कारण पैसा कुणी मिळवला यापेक्षा तो कुणाच्या हातात राहतो, यावर सगळं ठरतं.

"पितो म्हणून मारतो" हेही मला पटत नाही. प्यायल्यावर तो मुकादमावर हात उचलत नाही, सावकारावर तर नाहीच. कुणाला मारलं तर चालतं, हे त्याला प्यायल्यावरही नीट कळतं.

अक्कांना मी सांगितलं, बाईचे पैसे अडवून ठेवणं हासुद्धा कौटुंबिक हिंसाचारच आहे. 2005 च्या कायद्यात मारहाण आणि शिवीगाळीबरोबर आर्थिक छळही धरलेला आहे. त्यांना ते खरंच वाटेना. "पैसं घेतलं तर कोण केस घेतं?" मग म्हणाल्या, "घर त्याच्या नावावर. हाकललं तर मी पोरीला घेऊन कुठं जाऊ?"

खरी भीती ही आहे. कायदा सांगतो की घर कुणाच्याही नावावर असो, बाईला तिथे राहण्याचा हक्क आहे, आणि कोर्ट तसा आदेश देऊ शकतं. पण रात्री अकरा वाजता दाराबाहेर काढलेल्या बाईच्या हातात आदेश कुठला असणार? म्हणून मला सोलापूरजवळच्या कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत फार मोलाची वाटते. 2006 मध्ये तिथे विडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली, त्यांच्या स्वतःच्या संस्थेतून. तिथे मारहाण होत नाही, असं मी म्हणणार नाही. पण घर बायकोच्या नावावर असेल तर "नीघ माझ्या घरातून" असं नवरा कुठल्या तोंडानं म्हणणार? हा फरक लहान नाही.

अक्का निदान चौकशी करायला तयार झाल्या आहेत. सोमवारी आम्ही दोघी संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे याच कायद्याखाली बायकांना मदत करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे जाणार. वकिलाला पैसे कुठून आणू, असं त्या विचारत होत्या. बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे दोनदा सांगितलं. मंगळवारी बँकेत जाऊन जुनं कार्ड बंद करून नवं मागायचं. अंगठाही डॉक्टरांना दाखवायचा आणि दुखापत कागदावर लिहून घ्यायची.

सोमवारचा त्यांचा माल आई वळून देणार आहे. दिवसाची मजुरी बुडाली तर नवरा पहिला प्रश्न तोच विचारेल.