१२ − ७ = ५ चूक आहे का?

पहिल्या सत्राच्या गणिताच्या पेपरातला एक प्रश्न अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. मी ऐरोलीत मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीला शिकवते. प्रश्न असा होता : बसमध्ये काही प्रवासी होते. ७ प्रवासी उतरले. आता बसमध्ये ५ प्रवासी आहेत. तर आधी किती प्रवासी होते? मांडणीला एक गुण, उत्तराला एक गुण.

मोठ्यांना वाटेल ह्यात काय एवढं, पण दुसरीच्या पोरांना गोष्टीतल्या गणितात सगळ्यात जड जातो तो हाच प्रकार. शेवट माहीत नसला (९ होते, ४ उतरले, उरले किती) तर सोपं, बोटं मोडली की झालं. मधलं माहीत नसलं (९ होते, काही उतरले, ५ उरले) तर थोडं अडतं. आणि सुरुवातच माहीत नसली तर मूल बोटं काढणार कुठून? विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या थॉमस कार्पेंटर आणि एलिझाबेथ फेनेमा ह्यांनी ह्याच प्रकारांवर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यात हा क्रम स्पष्ट दिसतो आणि वर्गात तर रोज दिसतो. शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये मात्र हे कोणी सांगत नाही, तिथे पीपीटी वाचून दाखवतात.

त्याऐवजी बऱ्याच वर्गांत भिंतीवर तक्ता असतो. एकूण, मिळून, आणखी आलं की बेरीज. उरले, दिले, उतरले आलं की वजाबाकी. मला ह्या तक्त्याचा मनापासून राग आहे. पोरं गोष्ट वाचतच नाहीत, शब्द हुडकतात आणि दोन आकडे दिसले की चिन्ह ठोकून मोकळी. ह्या पेपरात कितीतरी पोरांनी ७ − ५ = २ लिहिलं, म्हणजे दोन माणसांच्या बसमधून सात माणसं उतरली! आणि त्यातल्या कोणाला ते खटकलं नाही कारण गोष्ट डोक्यात उभीच नव्हती.

माझ्या वर्गात मी आधी नुसती गोष्ट सांगते, प्रश्न विचारतच नाही. आमची गोष्टीतली गाडी ठाण्याहून पनवेलला जाते, कारण ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झाल्यापासून मी चुकून ठाण्यानंतर थेट ऐरोली घेतलं की निम्मा वर्ग ओरडतो, बाई दिघा राहिलं! डबा म्हणजे बुटाचा खोका, प्रवासी म्हणजे चिंचोके. सुरुवात लपवायची असेल तर झाकण लावून खोका आणायचा, आत किती आहेत ते कोणाला माहीत नाही, रबाळ्याला त्यांच्यासमोर सात बाहेर काढायचे, मग झाकण उघडून उरलेले मोजू द्यायचे. आकडे मुद्दाम छोटे घेते. हातचा नको, दहाचे गठ्ठे सोडवणं नको, कारण ह्या दिवशी अवघड फक्त गोष्ट असली पाहिजे, दोन्ही ओझी एकदम दिली की मूल कशाखाली दबलं ते आपल्यालाच कळत नाही. आणि गोष्ट त्यांनी स्वतःच्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय पाटीला हात लावायचा नाही.

तर आमच्याकडे पेपर तुकड्या बदलून तपासतात. माझे गठ्ठे परत आले आणि त्यात एका मुलाचा पेपर होता, त्याला इथे सोनू म्हणू. त्याने लिहिलं होतं १२ − ७ = ५, आणि खाली, उत्तर : १२ प्रवासी. तपासणाऱ्या बाईंनी दोन्हीवर फुली मारून लाल पेनाने लिहिलेलं, बेरीज करा.

मी त्याला बोलावून विचारलं, हे १२ कुठून आणलेस रे?

"उतरलेल्यांना परत चढवलं."

मग मांडणीत वजाबाकी का केलीस?

"उतरले ना बाई ते. खरं थोडीच परत चढले!"

मला काय बोलावं सुचेना. त्याने गोष्ट जशी घडली तशीच्या तशी लिहिली होती आणि उत्तर काढताना ती उलटी फिरवली होती. आणि ह्या पोराला शून्य.

त्या बाईंशी बोलले. उत्तराचा गुण त्यांनी लगेच दिला, मांडणीचा नाही दिला. त्यांचं म्हणणं, मांडणी म्हणजे आपण काय केलं ते, आणि ह्याने केली बेरीज. आज तोंडी जमलं, उद्या मोठे आकडे आले की अडकेल. हे मला पूर्ण खोडता येत नाही, कारण निपुण भारत ह्या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानाचं दुसरीचं लक्ष्यच ९९ पर्यंतच्या वजाबाकीचं आहे, चिंचोक्यांवर कायम भागणार नाही.

म्हणून मी त्याला मोठी गोष्ट दिली. काही माणसं होती, ३८ उतरली, ४५ राहिली. गडी काड्यांच्या टोपलीकडे गेला. चार गठ्ठे नि पाच सुट्या मांडल्या, त्यात तीन गठ्ठे नि आठ सुट्या घातल्या, तेरा सुट्या झाल्या तेव्हा दहाला स्वतःच रबर लावलं. आणि वहीत लिहिलं ८३ − ३८ = ४५. परत तेच! मग मी म्हटलं, आता तुझ्या हातांनी काय केलं ते खाली लिही. थोडा वेळ काड्यांकडे बघत बसला आणि लिहिलं ४५ + ३८ = ८३.

मग मलाच विचारतो, बाई, ह्यातलं बरोबर कुठलं?

मी दोन्ही म्हटलं. आता अख्ख्या वर्गाला गोष्टीची ओळ आणि हाताची ओळ अशा दोन ओळी लिहायला लावते, आणि खरं सांगते, सात-उणे-पाच-वाली पोरं त्यामुळे थबकायला लागलीत, गोष्टीची ओळ लिहिताना त्यांना पहिला आकडाच सापडत नाही आणि मग ती गोष्ट परत वाचतात. पण पेपरात मांडणीला जागा एकच असते आणि तिथे कुठली ओळ लिहायची हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, कारण मला स्वतःला पटेल असं उत्तर मिळालेलं नाही. सोनूच्या आईला विचारून त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवलीय, पुढच्या शिक्षण परिषदेत तीच घेऊन बोलायला उभी राहणार आहे.