माथ्यावरचा ओढा

बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावर, बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातल्या माळावर, पावसाचे पाणी कोणत्या नदीला जाणार हे हात-दोन हात उंचीच्या फरकावर ठरते. उत्तरेकडे उतरलेले पाणी सिंदफणेतून मंजरथजवळ गोदावरीला मिळते. दक्षिणेकडे वळलेले पाणी सुमारे ७२४ किलोमीटर लांबीच्या मांजरेत जाते आणि पार तेलंगणात गोदावरी गाठते. त्यामुळे येथे ओढ्याची नोंद करताना तो कुठल्या बाजूला वाहतो हे चुकवून चालत नाही.

मे महिन्यात एका गावाच्या शिवारात पाणलोट आराखड्यासाठी आम्ही ओढ्यांची नावे आणि मार्ग नोंदवत होतो. उपग्रहाच्या ३० मीटर चौकटीच्या (म्हणजे दर ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची देणाऱ्या) उंचीमापनावरून संगणकाने काढलेली रेषा एका ओढ्याला दक्षिणेकडे, मांजरेच्या बाजूला नेत होती, आणि त्याच रेषेवर सिमेंट बंधारा सुचवलेला होता. सपाट माळावर अशी रेषा हमखास भरकटते, कारण एखादा बांध किंवा गाडीवाट पाणी वळवायला पुरेशी असली तरी त्या चौकटीत ती उमटत नाही. गाव नकाशावर ओढा दिसत होता. नाव आणि दिशा मात्र नव्हती.

मेंढरे घेऊन आलेल्या एका वयस्कर बाबांना आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘तिकडं न्हाई जात, ताई. ह्याचं पाणी सिंदफणंला जातंय. चला, दावतो.’’

ओढ्यात आडव्या गेलेल्या तारकुंपणापाशी त्यांनी आम्हांला थांबवले. मागच्या पावसाळ्यातला काडीकचरा, कडब्याची धाटे आणि सुतळीचे तुकडे तारांच्या दक्षिण अंगाला दाटून अडकले होते. उत्तर अंग मोकळे होते. थोडे पुढे एका बाभळीची मुळे वरच्या बाजूने धुऊन उघडी पडली होती आणि बुंध्याआड, उत्तरेला, बारीक वाळूचा लांबट ढीग साचला होता. पाणी उत्तरेला वाहते याचा एवढा स्पष्ट पुरावा कोणत्याही पडद्यावर दिसला नसता.

बाबांबरोबर आम्ही शिवेपर्यंत चाललो. उगमाजवळच्या खोलगट भागाला ते ‘लवण’ म्हणत, म्हसोबाच्या शेंदरी दगडापासून पुढे तो ‘म्हसोबाचा ओढा’ होई, आणि शीव ओलांडल्यावर खालच्या गावात त्याला ‘काळा ओढा’ म्हणतात. नोंदीच्या तक्त्यात नावासाठी एकच रकाना होता. एक नाव निवडून बाकीची गाळणे मला मुळीच पटले नाही, कारण तक्रार असो वा मंजुरी, प्रत्येक वस्ती आपल्याच नावाने ओढा सांगते. म्हणून प्रत्येक नाव कुठून कुठपर्यंत चालते, ते गट क्रमांकांसह शेऱ्यात लिहिले.

बंधाऱ्याची जागा बदलण्याचा प्रस्ताव आराखड्यासोबत गेला. ग्रामसभेत यादी वाचून दाखवली, तेव्हा एका आजींनी धुण्याच्या खडकाजवळच्या वळणाचे आणखी एक नाव सांगितले, आणि तेही त्याच शेऱ्यात जोडले.